पूर्ण नाव बोलल्याशिवाय सही नाही

मी सरपंच होते तेव्हाची गोष्ट. गावाच्या नळयोजनेची मोटार जळली, तीही ऐन मे महिन्यात. एकोडीहून आत वळलं की आमचं गाव. गावचं तळं, आमची बोडी, तळाला गेलेली, विहिरींत नुसता गाळ, आणि पाणी देणारी बोरिंग अख्ख्या गावात एकच. तिथे पाण्याचा पितळी गुंड घेऊन मीही रांगेत उभी राहायची. सरपंच म्हणून कोणी पुढे सोडत नव्हतं, आणि सोडलं असतं तर मलाच लाज वाटली असती. "मोटार कधी येते वं?" बाया विचारायच्या. आधी हसून विचारायच्या, मग तोंड वाकडं करून, आणि मग विचारेनाशाच झाल्या. ते जास्त लागायचं.

मोटार लाखनीच्या दुकानात तयार होती. पण त्या दुकानदाराला मागे कुठल्याशा पंचायतीने वर्षभर खेळवलेलं, त्यामुळे त्याचं एकच पालुपद: खात्यात पैसे पडले की मोटार गाडीत. पैसेही पंचायतीकडे होते. अडलं होतं ते माझ्या सहीवर.

पंचायतीचे चेक बंद झाले होते. पैसे ऑनलाइन जायचे आणि त्याला दोन डिजिटल सह्या लागायच्या, एक ग्रामसेवकांची, एक सरपंचाची. ही सही म्हणजे पेनड्राइव्हसारखी एक बारकी वस्तू. सगळे तिला डोंगल म्हणायचे. कॉम्प्युटरला लावायची, पिन टाकायचा, झाली सही. माझी डोंगल ह्यांच्या शर्टाच्या खिशात असायची. पिन ह्यांना पाठ. ओटीपी यायचा तो मोबाइलही ह्यांचाच. निवडून मी आले आणि सही हे करायचे. मी विचारलं तर म्हणायचे, "तुले कायले त्रास?" आणि मी चुलीपुढे मोकळी.

नेमकी मोटार जळली आणि त्या सहीची मुदत संपली. नवी काढायची तर नियम बदललेला. मोबाइलवर लिंक येणार, कॅमेऱ्यासमोर आपण बसायचं, पॅनकार्ड दाखवायचं आणि आपलं पूर्ण नाव स्पष्ट बोलायचं. कुठेतरी दूर बसलेलं माणूस ते बघून ठरवणार, मी मीच आहे की नाही. "एका मिनिटाचं काम आहे, मॅडम," ग्रामसेवक म्हणाले. एका मिनिटाचं म्हणे!

पूर्ण नाव म्हणजे आधी माझं, मग ह्यांचं, मग आडनाव. आणि ह्यांचं नाव मी उखाण्याशिवाय कधी तोंडाने घेतलेलं नव्हतं. साधं घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं सासरी आल्या आल्या सासूने बजावलेलं. लिहायला हरकत नव्हती. पण दवाखान्यात, रेशन दुकानात, बँकेत कोणी नाव विचारलं की मी आधार कार्ड पुढे करायची, नाहीतर शेजारची बाई सांगून मोकळी व्हायची. आमच्याकडे हे सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे कोणी अडवत नसे. मोबाइलला कोण समजावणार?

पहिल्या वेळी मी माझं नाव बोलले आणि तिथेच अडकले. शेवटी मागून ह्यांनीच आपलं नाव ठोकून दिलं, वर आडनावही. दुपारी निरोप आला: दुसऱ्या माणसाचा आवाज आहे, नामंजूर. ग्रामसेवकांनी कपाळाला हात लावला. "बोला ना मॅडम, काय होते त्यात?" त्यांना काय जातंय बोलायला! त्यांची बायको त्यांना खुशाल नावाने हाक मारते, फोनवर मी स्वतः ऐकलं आहे.

दुसऱ्या वेळी मी मनाचा हिय्या करून बसले. डोळे मिटले, तोंड उघडलं आणि बाहेर काय यावं? उखाणा! "बांधीत धान, धुऱ्यावर तूर" असं काहीतरी सुरू झालं आणि शेवटी ह्यांचं नाव एकदाचं आलं, तेही राव लावून. जिभेला दुसरी वाटच माहीत नव्हती, त्याला मी काय करू? ग्रामसेवक पोट धरून हसले. हे तर नव्या नवरदेवासारखे लाजून खाली बघत बसले. मला दोघांच्याही डोक्यात डोंगल घालावीशी वाटली. संध्याकाळी निरोप आला: डोळे बंद, नाव अर्जाशी जुळत नाही, नामंजूर.

त्या संध्याकाळी बोरिंगवर आमच्या समोरच्या घरातली बाळंतीण उभी होती. सव्वा महिनाही झाला नव्हता तिला. मी रागावले, "तू काहून आली वं? घरी जा." ती म्हणाली, "घरी कोण भरून देते मले, बाई?" आणि गुंड उचलायला वाकली. मी तो तिच्या हातातून ओढून घेतला आणि तिच्या दारापर्यंत नेला. वाटेत मला इतका संताप आला, इतका, की कोणावर काढू कळेना. दुकानदारावर, त्या दूर बसलेल्या माणसावर, ह्यांच्यावर, वारलेल्या सासूवर. माझं स्वतःचं नाव, आणि ते मला घेता येत नाही, आणि त्यापायी ही ओली बाळंतीण पाणी वाहते.

सकाळी पंचायतीत गेल्या गेल्या मी ह्यांना म्हटलं, "तुमी बाहेर जा जी."

"काहून?"

"जा म्हटलं ना!"

हे गेले. ग्रामसेवकांनी मोबाइल समोर धरला. मी डोळे उघडे ठेवले, आणि माझं, ह्यांचं, आडनाव, तिन्ही एका दमात बोलले. राव लावलं नाही. आवाज इतका मोठा निघाला की माझी मीच दचकले. मग पहिला विचार आला तो ह्यांचा. मी खिडकीकडे कान लावला. बाहेर हे खोकले. जिवंत होते.

मला रडूच आलं. आपलं नाव आपल्याच आवाजात असं सलग मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकत होते. दुपारपर्यंत मंजुरी आली. ग्रामसेवकांनी नवी सही डोंगलमध्ये घालून दिली.

दुसऱ्या दिवशी पैसे पाठवायचे होते. हे सवयीने कॉम्प्युटरपुढच्या खुर्चीत जाऊन बसले. मी म्हटलं, "उठा. सही माझी आहे." हे उठले, पण मान लांब करून बघत राहिले. मी एका हाताने झाकून दुसऱ्या हाताने पिन टाकला. लाखनीला पैसे गेले.

"पिन काय ठेवला वं?" ह्यांनी विचारलं.

"नाव सांगतलं ना साऱ्या जगाले. पिन नाही सांगत."

झालं, ह्यांनी अबोला धरला. जेवले, पण बोलले नाहीत. मोटार आली, बसली, तरी हे गप्पच.

मग एका सकाळी नळाला पाणी आलं. गल्लीत एकच गलका. मी अंगणातल्या नळाखाली गुंड लावला, तो भरला, दुसरा लावला, तोही भरत आला, आणि उचलायला कोणी नाही. हे ओट्यावर तंबाखू मळत बसलेले. "अवो," मी म्हटलं. नाही. "आयकता का जी?" नाही. पाणी वाहून जात होतं. इतके दिवस ज्याच्यासाठी उन्हात उभी राहिले ते पाणी!

मी ह्यांना हाक मारली. नाव, आडनावासकट, कॅमेऱ्यापुढे बोलले होते तसं. गल्लीतल्या बाया गुंड सोडून वळून बघायला लागल्या. समोरच्या दारात ती बाळंतीण तोंडाला पदर लावून हसत होती. ह्यांनी तंबाखू टाकली, उठले आणि गुंड उचलून आत नेला.