शिक्के मारलेल्या बारा नकला

मंडळी, आज दुपारची गोष्ट.

चाळिशीतल्या लेकीला लॉच्या अ‍ॅडमिशनचा फॉर्म भरायचा होता, मुदत संध्याकाळी पाचपर्यंत. तिचे कागद शोधताना कपाटातून माझ्याच मार्कशीटच्या बारा नकला निघाल्या. सगळ्यांवर गोल शिक्के.

"पप्पा, एवढ्या कशाला?"

सत्तर-ऐंशीच्या दशकात मी शहरात एका ऑफिसात क्लार्क होतो. बाहेरून बी.ए. करायचं होतं. दर जूनमध्ये नक्कल टाइप करायची, साहेबांचा सही-शिक्का घ्यायचा. शिक्का बसला की अर्धी डिग्री मिळाल्यासारखं वाटायचं! फॉर्म मात्र एकदाही भरला नाही. कधी बहिणीचं लग्न, कधी गावी चांदवडला शेतात कांद्याची लागण. खरं सांगू? इंग्रजीत नापास झालो तर ऑफिस हसेल, एवढीच भीती होती.

लेकीला हे सगळं सांगितलं. तिनं आपले कागद परत कपाटात ठेवले. मग म्हणाली, "माझंही यंदा राहू दे. माझ्या पोराचं दहावीचं वर्ष आहे. पुढच्या वर्षी बघते."

आणि मी पटकन म्हणालो, "हो गं, घाई काय आहे!"

पाच कधीच वाजून गेलेत. आता तिला कोणत्या तोंडानं काय सांगू?