गेला म्हणजे कुठं गेला

दहावीचा शेवटचा पेपर होऊन चार दिवस झाले नसतील, तोवर आईच्या मोबाइलवर शाळेचा निरोप आला. अकरावीच्या ॲडव्हान्स्ड लिटरेचरसाठी माझी निवड झाली होती. आमची शाळा बेळगावाबाहेर, हमरस्त्याला लागून, परदेशी बोर्डाची. तिथं साधं इंग्रजी घेणारी मुलं वेगळी आणि ॲडव्हान्स्डवाली वेगळी. डबेसुद्धा वेगळ्या बाकांवर उघडायची. वडील उद्यमबागेत एका कारखान्यात फोरमन. त्यांनी अख्ख्या शिफ्टला पेढे दिले. नेमकी कशासाठी निवड झाली हे त्यांना सांगता येईना, म्हणून ‘पोरगीला वरच्या वर्गात घेतलंय’ एवढंच सांगत सुटले.

निरोपासोबत सुट्टीचं काम होतं. एक इंग्रजी कादंबरी वाचायची आणि ती ॲनोटेट करायची, म्हणजे वाचता वाचता समासात टिपा लिहायच्या. एवढंच असतं तर मी उड्या मारत केलं असतं. पण खाली नियम होते. प्रतीक दिसलं की पिवळी कागदी चिकटपट्टी, पात्राबद्दल काही कळलं की गुलाबी, आशयाला निळी आणि ‘स्वतःच्या आयुष्याशी संबंध’ सापडला की हिरवी. एकही पान कोरं राहता कामा नये. एका मुलानं ग्रुपवर विचारलं, ज्या पानावर काहीच नसेल तिथं काय करायचं? ॲडव्हान्स्डच्या सरांचं उत्तर आलं, “काहीच नाही असं पान नसतं.” ऐकायला भारी वाक्य. सरांची सगळीच वाक्यं तशी होती, ऐकायला भारी. वर्गात कुणाच्या तोंडून मराठी शब्द निघाला की त्यांच्या कपाळावर आठी पडायची, आणि स्टाफरूमचं दार लोटून घरच्यांशी फोनवर मात्र ते झकास मराठी बोलायचे.

पुस्तकं शाळेनंच बाजारातल्या एका दुकानातून एकगठ्ठा मागवली होती. मी माझी प्रत आणि चार रंगांच्या पट्ट्या पिशवीत टाकल्या आणि जांबोटीजवळ आजोळी गेले.

गोष्ट एका थंड मुलखातल्या म्हाताऱ्या नावाड्याची होती. नदीवर पूल होतोय, त्याची नाव आता कुणाला नकोय, मुलाशी त्याचं पटत नाही आणि मुलगी दोघांच्या मधे. मला ती आवडली. आवडली म्हणूनच पट्ट्यांचा राग यायला लागला. म्हातारा नुसता वल्हं पुसत बसला असला तरी मला थांबून ठरवावं लागायचं, हे प्रतीक की पात्र? आणि हिरवी पट्टी तर छळच. आमच्या घरात कुणी नावाडी नाही, आम्ही नदी ओलांडतो ती बसमधून. तरी माझ्या आयुष्याशी संबंध दिसलाच पाहिजे, असा शाळेचा हुकूम.

संध्याकाळी मामी अंगणात फणस फोडायला बसायची. हाताला तेल लावून मीही गरे काढू लागायचे. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, “दिसभर काय वाचतीस गं एवढं?” मी गोष्ट सांगायला लागले. मग रोजचंच झालं. जेवढं वाचून व्हायचं तेवढं संध्याकाळी मामीला मराठीत सांगायचं. तिला नावाड्याचा मुलगा अजिबात आवडत नव्हता. “बापाला उलटं बोलतंय, त्याला नदीत ढकला,” असं तिचं मत.

गोष्ट ऐन रंगात आली. बर्फाळ नदीतून म्हातारा स्वतः मुलाला पलीकडे सोडायला निघतो. नाव मध्यावर येते आणि एकशे अठ्ठावीसावं पान संपतं. मी पान उलटलं, तर पुन्हा एकशे तेरा. तीच पानं परत छापलेली. ती संपली आणि एकदम एकशे पंचेचाळीस. तिथं घर बंद आहे, मुलगी नाव विकतेय आणि शेजारी विचारतात, तुझा बाप? ती म्हणते, तो गेला.

त्या संध्याकाळी मी मामीला एवढंच सांगितलं.

“गेला म्हंजी?” मामीनं सुरी थांबवली. “मेला, का निघून गेला?”

“म्हाईत न्हाय. मधली पानंच न्हाईत.”

“मग विचार की तुझ्या मास्तराला. असं अर्ध्यात सोडून झोप कशी येतीय गं तुला?”

आजोळी मोबाइलला रेंज नाही. दुसऱ्या दिवशी देवळाच्या चढावर जाऊन मी वर्गाच्या ग्रुपवर विचारलं, कुणाच्या प्रतीत पानं गळालीत का? पहिलं उत्तर वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलीचं आलं. तिचं पुस्तक अगदी व्यवस्थित होतं. मग एकामागून एक सगळ्यांचीच पुस्तकं व्यवस्थित निघाली. सरांनी एक अंगठा पाठवला. तो कशाला होता, मला आजवर कळलेलं नाही.

म्हणजे माझीच प्रत खराब, असं मी धरून चालले. एकशे पंचेचाळीसच्या समासात मी लिहिलं, ‘मामी विचारते, गेला म्हणजे मेला की निघून गेला? मलाही तेच विचारायचंय.’ मराठीतच लिहिलं, कारण प्रश्न मराठीत पडला होता. पुढं मग बऱ्याच टिपा मराठीतच झाल्या.

जूनमध्ये शाळा उघडली. सरांनी पुस्तकं गोळा केली आणि आठवड्यानं गुण लावले. मला वर्गात सगळ्यात कमी. शेरा होता, ‘भाषेची शिस्त नाही, पट्ट्या अपुऱ्या.’ त्या हुशार मुलीचं पुस्तक मात्र ग्रंथालयाच्या दाराशी काचेच्या कपाटात मांडलं होतं. रंगीत पट्ट्यांनी ते इतकं फुगलं होतं की मिटत नव्हतं. येणारे पालक बघून हरखायचे. एक आई आपल्या मुलाला म्हणाली, “बघ, याला म्हणतात वाचन.”

त्या कपाटाला कुलूप नव्हतं. मधल्या सुट्टीत मी पुस्तक बाहेर काढलं. मला फक्त मधली पानं वाचायची होती. एकशे अठ्ठावीस उलटलं, आणि पुढं एकशे तेरा.

मी तिथंच उभी राहून वाचलं. पानं तीच दोनदा, पण टिपा वेगळ्या. म्हातारा मुलावर ओरडतो त्या उताऱ्याला पहिल्या खेपेला गुलाबी पट्टी होती, ‘म्हाताऱ्याचा अहंकार.’ तोच उतारा दुसऱ्यांदा आला तिथंही गुलाबी पट्टी, ‘म्हाताऱ्यात झालेलं परिवर्तन.’ आणि एकशे पंचेचाळीसच्या आधी निळी, ‘नदीत मृत्यू, पाणी म्हणजे शेवट.’ मला हसू आलं आणि हसता हसताच किळस आली. नंतर कळलं, टिळकवाडीतल्या एका खासगी क्लासनं त्या कादंबरीच्या तयार टिपा पानवार छापून दिल्या होत्या. निम्मा वर्ग तिथं जायचा, उरलेल्या निम्म्यानं त्यांच्याकडून उतरवून घेतल्या होत्या. ज्या पानांच्या टिपा होत्या ती पानंच पुस्तकात नव्हती, तेव्हा जागा मिळेल तिथं चिकटवून मोकळे झाले.

दोन दिवसांनी सरांनी वर्गात कादंबरी काढली. खिडकीशी उभं राहून इंग्रजीत म्हणाले, “नावाड्याचा मृत्यू हा या कादंबरीचा कणा आहे.” सगळ्यांनी ते लिहून घेतलं.

मी हात वर केला. “सर, तो कुठल्या पानावर मरतो?”

“त्या नदीच्या प्रसंगात.”

“पान कुठलं, सर?”

सरांनी पुस्तक उघडलं. पुढं उलटलं, मागं उलटलं. कपाळावर ती ओळखीची आठी. “तुझी प्रत खराब असेल.”

“शेजारणीची बघू? का तुमची?”

मुलांनी मान खाली घालून आपापली पुस्तकं चाळायला सुरुवात केली, सुट्टीनंतर बहुधा पहिल्यांदाच. हुशार मुलगी लालबुंद झाली. सरांनी पुस्तक मिटलं आणि सावकाश म्हणाले, “मोठ्या साहित्यात मृत्यू पानावर असावाच लागतो असं नाही.”

हेही ऐकायला भारी होतं. दोघातिघांनी तेसुद्धा लिहून घेतलं.

तास संपल्यावर त्यांनी मला थांबवलं आणि दार लोटून पहिल्यांदाच माझ्याशी मराठीत बोलले. “हे बघ, असले प्रश्न सगळ्यांसमोर विचारायचे नसतात. आधी येऊन मला सांगायचं.”

“मी सुट्टीतच ग्रुपवर विचारलं होतं, सर. तुम्ही अंगठा पाठवला होता.”

त्यांनी घड्याळ बघितलं आणि ते गेले.

शाळेनं पुस्तकं दुकानात परत धाडली. दुकानदारानं निमूट बदलून दिली. बांधणीत सोळा पानांचा एक फर्मा गळाला होता आणि आधीचाच दुसऱ्यांदा शिवला गेला होता. नवी प्रत आली त्या दिवशी मी ती शाळेच्या बसमध्येच उघडली. हातात पेन नव्हतं, पट्टी नव्हती. म्हातारा मरतच नव्हता, क्लासची ती टीपही खोटी. दोघं न बोलता नदी पार करतात. पलीकडच्या काठाला मुलगा उतरायच्या आधी म्हाताराच उतरतो, वल्हं मुलाच्या हातात देतो आणि शहराच्या रस्त्यानं चालू लागतो. मुलगा हाक मारतो. म्हातारा हात वर करतो, पण वळत नाही. मुलाला नाव वल्हवता येत नाही, तो तसाच बसून राहतो. वाचता वाचता उतरायचा थांबा मागं गेला. तिथून अंगोळला घरी मी चालत आले.

आल्या आल्या मामाच्या घरच्या लँडलाइनवर फोन करून मामीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, “बरं केलं म्हाताऱ्यानं. आन त्या पोराला आता कळंल.” त्या कादंबरीवरच्या सगळ्या टिपा-शेऱ्यांत मला एवढीच टीका ऐकण्यासारखी वाटली.

सरांनाही जाऊन सांगितलं की तो मरत नाही, चालत निघून जातो. ते म्हणाले, “हा तुझा एक अर्थ झाला.” गुण तेच राहिले. कपाटातलं पुस्तक तेवढं कुणीतरी गुपचूप काढून नेलं आणि तिथं बुद्धिबळाचा चषक ठेवला.

ॲडव्हान्स्ड सोडावं असं फार वाटलं. पण वडिलांनी एवढे पेढे वाटलेले, सोडवेना. पुढच्या उन्हाळ्यात नवीन कादंबरी आली, तेच चार रंग आले. मी पंख्याखाली बसून एका दुपारीत सगळ्या पट्ट्या चिकटवून टाकल्या. हाताला येईल तो रंग, सुचेल तो शब्द, अक्षर मात्र सुरेख. एकही ओळ वाचली नव्हती. मग ते पुस्तक दप्तरात घातलं आणि गावातल्या वाचनालयातून त्याच कादंबरीची दुसरी प्रत आणून आठवडाभर निवांत वाचली.

त्या वर्षी सरांनी शेरा दिला, ‘प्रगल्भ वाचक.’ आईनं त्याचा फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला.