हिरव्या सुटकेसवाली धाकटी

विद्याताईंसाठी मी एवढा खटाटोप करून शोधलेला सिनेमा स्पॅनिशमध्ये निघाला. सिंगापुरातल्या बेडोकच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये लॅपटॉप टीव्हीला जोडून, जादूगारासारखा हात फिरवून मी "घ्या!" म्हणालो, आणि पडद्यावरची बाहुली फाडफाड असं काही बोलायला लागली की आम्हा कुणालाच एक अक्षर कळेना. "अंकल, यू नेव्हर चेक, आह?" त्यांच्या मुलीनं, ईशानं, विचारलं. चांगी बिझनेस पार्कात मी पोट भरतो ते इतरांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून! उशांना टेकून बसलेल्या विद्याताई खोकला येईपर्यंत हसल्या. ती आमची शेवटची भेट. पुढच्याच आठवड्यात ईशाचा फोन आला... "आई गेली," एवढंच, आणि तेही मराठीत.

आम्ही पुण्याहून नवेनवे आलो तेव्हा विद्याताई आमच्याच ब्लॉकमध्ये होत्या. वडिलांच्या जहाज कंपनीतल्या नोकरीमुळे त्या लहानपणीच सिंगापूरला आलेल्या, त्यामुळे लिटिल इंडियात तूरडाळ कुठली घ्यायची इथपासून माझ्या बायकोला, मेघनाला, त्यांनीच सगळं शिकवलं. त्यांच्या काचेच्या कपाटात वीतभर उंचीच्या चार बाहुल्या होत्या. त्यांच्या लहानपणी दुकानांत 'सुटकेस सिस्टर्स' नावाच्या पाच बहिणी मिळायच्या, प्रत्येकीच्या हातात पत्र्याची, खरीखुरी उघडणारी सुटकेस. हिरव्या सुटकेसवाली धाकटी मात्र ताईंच्या वडिलांना कधी मिळाली नाही. आणि या बहिणींवर निघालेल्या त्या सिनेमात बंदरावर चुकून राहते ती नेमकी हीच. तिची मालकीण, एक शाळकरी मुलगी, तिला शोधायला निघते. बाहुल्या खपवायला काढलेली दीड तासाची जाहिरात, असं मी एकदा बोलून गेलो. "जाहिरात बघून कुणी इतकं रडतं का रे?" ताई म्हणाल्या.

ताई लहान असताना, शाळेच्या सुट्टीत तो टीव्हीवर एकदाच लागला होता. मुलगी बंदरावर पोचली आणि इकडे ताईंच्या आईनं देवापाशी दिवा लावून टीव्ही बंद केला, शुभंकरोतीला बसवलं. पुढचं राहिलं ते राहिलंच. हॉस्पिटलनं आता उपचार नकोत म्हणून घरी पाठवलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "ती धाकटी सापडली का रे, एवढं मला बघायचंय." मी छाती ठोकून सांगितलं, दोन दिवसांत आणतो. बरेच आठवडे गेले, आणि आणला तो असा.

मी ओशाळून बंद करायला गेलो. "राहू दे रे मिलिंद," म्हणत ताईंनीच बाहुल्यांच्या वतीनं मराठीत बोलायला सुरुवात केली. थोरली बाहुली ठसक्यात म्हणाली, "तिकीट कुठाय तुझं? वेंधळी मेली!" मधली म्हणाली, "मला कशाला विचारतेस, मी काय कंडक्टर आहे?" मेघना हसून हसून आडवी व्हायची बाकी होती. मग बंदर आलं आणि ताई बोलायचं सोडून उशांवरून पुढे झुकल्या. इथून पुढचं त्यांनीही पाहिलेलं नव्हतं. मुलगी हरवलेल्या सामानाच्या खिडकीपाशी गेली. तिथे हिरवी सुटकेस होती, शेजारी धाकटी. मुलीनं तिला उचललं, खाली बसली आणि हळूच काहीतरी बोलली.

"काय म्हणतेय हो, ताई?" मेघनानं विचारलं.

ताई पडद्याकडेच बघत होत्या. "म्हणतेय... रागावलीस? अगं, दिवेलागण झाली होती. आईनं टीव्ही बंद केला. मला तरी कुठे करमत होतं तुझ्यावाचून?"

आम्ही हसलो. मग एकेक जण हसायचा थांबला.

परवा मला त्याच सिनेमाची इंग्रजी प्रत मिळाली. भाषा या वेळी दोनदा तपासली. रविवारी दुपारी घरी लावली. इंग्रजीतली थोरली अगदीच मिळमिळीत बोलत होती, तरी मी खुशीत होतो, आता ती मुलगी खरं काय म्हणते ते कळणार. बंदर आलं. मुलगी बाहुलीला घेऊन खाली बसली, तिचे ओठ हलणार, तोच घेवडा निवडणाऱ्या मेघनाचा हात थांबला.

"आवाज बंद कर," ती म्हणाली.