चांदणीच्या पायाची पट्टी

मैत्रिणींनो, आधी माझी चूक दुरुस्त करते. परवाच्या पत्रात मी लिहिलं होतं की आमच्याकडे कामाला येणारे सुखरामभाऊ आमच्या चांदणी घोडीच्या पायाची पट्टी सैल बांधतात, ती रोज सुटते आणि म्हणून मुरगळलेल्या पायाची सूज उतरत नाही. ते खरं नव्हतं.

आज दुपारी मी स्वतः गोठ्यात बसून राहिले. सुखरामभाऊंनी पायावर शिजवलेली मोहफुलं ठेवून घट्ट पट्टी बांधली आणि ते पाणी आणायला गेले. चांदणीने मान खाली घातली, दातांनी पट्टी ओढली आणि सगळी फुलं खाऊन टाकली.

परत आल्यावर सुखरामभाऊ हसले. "मोह आहे बाई तो. मानूस सोडत नाई, मंग जनावर काऊन सोडंल?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"मले वाटलंच होतं. पन तुमी तर लिहून मोकळ्या झाल्या."

मग आम्ही नवी पट्टी बांधली आणि तिच्यावर कडुनिंबाचा पाला वाटून फासला. चांदणीने हुंगलं आणि तोंड फिरवलं. संध्याकाळी पट्टी जागेवर होती आणि सूजही कमी दिसली. पाय बरा होणार, याची मला खात्री आहे.

पण माझं ऐकून बाबांनी सुखरामभाऊंना पुढच्या महिन्यापासून येऊ नका म्हटलं आहे. बाबांनीच मला घरी लिहायला शिकवलं, आधी नीट पाहा असं बजावून. तुम्ही कधी न पाहता कुणावर ठपका ठेवलाय का?

बाबा देवीची लस टोचायला मोहर्ली गावाकडे गेलेत, चांदणी लंगडते म्हणून पायीच. ते परतले की वहाणा काढायच्या आधी मी त्यांना हे सांगणार आहे, म्हणजे येत्या गुरुवारी.