अंजनाबाईचा झिरा

अंजनाबाईचं लगन झालं तवा वरात नदीतूनच पायी आली. सासर येनगाव नदीच्या या थडीले, माहेर साखरटोला त्या थडीले, मधात रेती. सासरच्या आंगणात उभं राह्यलं का मायच्या चुलीचा धूर दिसे. पण दिसते मनून जाता थोडीच येते? सुनेले माहेरी जाचं तर भावानंच न्याले यावं लागे.

उन्हाळ्यात नदी आटली का बाया रेतीत खड्डे उकरून झिऱ्याचं पाणी भरत. बाकीच्या आपल्या थडीजवळ उकरत. अंजनाबाई मात्र सारी रेती तुडवत साखरटोल्याच्या अंगानं जाऊन उकरे. तिकडून तिची माय, केसरबाई, पाण्याचा गुंड घेऊन ये. पाणी हळूहळू पाझरे, वाटीवाटीनं भरावं लागे. तेवढ्यात मायलेकीचं सारं बोलणं होये. याले कोणी माहेरी जाणं मनत नव्हतं.

"आपल्या थडीचं पाणी कडू लागते काय वो तुले?" सासू, सुगंधाबाई, टोमणा मारे.

"तिकडचं निर्मळ हाय, आत्याबाई."

लेकरं झाली, मोठी झाली, झिरा तिथीच.

चौऱ्यांशीच्या उन्हाळ्यात गावात बोरिंग झाली, तेही तिच्याच दारापुढं. बाया दांडा हापसून खिदळत होत्या. अंजनाबाईचं तोंड मात्र उतरलं. दुसऱ्या दिवशी निघाली गुंड घेऊन.

"आता काऊन नदीवर?"

"बोरिंगच्या पाण्यात डाळ शिजत नाई, आत्याबाई. खडा राह्यते."

 एक दिवस सून तेंदूपत्ता तोडाले जंगलात गेली, तवा सुगंधाबाईनं सोताच चूल पेटवली. लाखोळीची डाळ घेतली आन बोरिंगचं पाणी टाकलं. डाळ लोण्यावानी गळली.

रातच्याले जेवताना सासरा, सोमाजी, मने, "आज डाळ मस्त शिजली. नदीचं पाणी दिसते."

अंजनाबाईचा घास हातातच राह्यला. आज ती नदीवर गेलीच नव्हती.

सुगंधाबाईनं नवऱ्याच्या ताटात आणखी डाळ वाढली. "नदीचंच हाय. बोरिंगच्या पाण्यात कुठी शिजते?"

दुसऱ्या दिवशी तिनंच गुंड घासून सुनेच्या हाती देल्ला.

"जा. आन मायले सांगजो, माया तमाखू सरला. रोजची येते तर चिमूटभर आणत जाय मनाव."

तवापासून सुगंधाबाईले तमाखू इकत घ्याचं काम पडलं नाई.