कोपऱ्यातलं बटण
ताज्या मांदेलीचा वास आला की मला नागावच्या घरातली एक दुपार आठवते. सुपारीच्या बागेतून समुद्राची झुळूक येत होती आणि पडद्याची सावली भिंतीवर पाण्यासारखी हलत होती. जुन्या कॉम्प्युटरला नवी सिस्टीम पेलेना, म्हणून शेजारच्या शिक्षिकेने त्यात फुकटची, सगळ्यांसाठी खुली असलेली लिनक्स घालून दिली होती. नातवंडांनो, तुमच्यातल्या धाकटीचा पहिला वाढदिवस होता, तिकडे तुमच्या घरी केक माझ्या व्हिडिओ कॉलसाठी थांबला होता, आणि मी जुन्या सिस्टीमच्या पायऱ्या क्रमाने लिहिलेली माझी वही उघडून बसले होते. ‘डाव्या कोपऱ्यातले बटण दाबणे.’ त्या कोपऱ्यात काहीच नव्हतं. दारातल्या पायरीवर मांदेली साफ करणारी मासेवाली हात पुसत आत आली. “बाय, वही कशाला बगतेस? तो क्यामेऱ्याचा फोटो दिसतोय ना, त्याला दाब की!” “अगं, पण ही सिस्टीम वेगळी आहे.” “असू दे. पोरगी तीच हाय ना?” मी दाबलं, आणि केकमध्ये बोट खुपसलेली धाकटी समोर हसताना दिसली. ही फुकटची सिस्टीम साध्या माणसांना जमेल का, असं अजूनही कुणीतरी मला विचारतं. मी सांगते, मासेवालीला लगेच जमली, मला जरा वेळ लागला.