काळी पाचचा हट्ट

पंधराव्या वर्षी मला गाण्यातलं सगळं कळायचं. पुढे दरवर्षी थोडं थोडं कमी कळत गेलं. जयंतीला आमच्या वस्तीत भीमगीतं गायला जी बाई यायची, तिच्यावर मी पार खुळी होते. तिच्यासारखा पदर, तिच्यासारखी मान, हातात माईक म्हणून लाटणं. आवाज तेवढा माझा, म्हणून आई दार लावून घ्यायची.

कॉलेजात असताना जालन्याच्या एका दैनिकात तिच्या कार्यक्रमावर माझं पहिलं लिखाण छापून आलं. 'करुणेनं थरथरणारा स्वर' असं मी ठोकून दिलं होतं. कात्रण घेऊन ऐटीत मस्तगडला तिच्या घरी गेले. तिथं बसलेल्या तिच्या पेटीवाल्यानं ते मोठ्यानं वाचलं आणि हसत सुटला.

"करुणा कुठली? हिव आल्तं बाईला! गोधडी घेऊन गेल्तो आम्ही."

मग त्याच्याच पेटीशी बसून मी पट्ट्या ओळखायला शिकले. हळूहळू दैनिकात माझं सदर सुरू झालं, लोक मला समीक्षक म्हणू लागले. मीही म्हणू दिलं.

बाईंचं वय झालं, तरी त्या तरुणपणीची उंच पट्टी, काळी पाचच धरायच्या. वरचा सूर फाटायचा. पेटीवाला मान खाली घालून वाजवत राहायचा, लोक आदरानं टाळ्या वाजवायचे. लिहावं की गप्प बसावं? दोन दिवस कागद कोरा राहिला. शेवटी लिहिलं, 'बाईंनी पट्टी उतरवावी. गाणं अजून शाबूत आहे.' आणि लगेच वाटलं, गेलं, ते दार आता आपल्याला बंद.

पुढचा कार्यक्रम वाटूरला, संध्याकाळी. मी मागे बायकांत दडून बसले. बाईंनी हेरलंच, माईकवरूनच म्हणाल्या,

"ए पोरी, मागं काहून लपून राह्यली? पेपरात तर लई धीट व्हतीस!"

सगळा मंडप वळला. चाळिशी ओलांडलेली पोर मी, कानापर्यंत लाल.

बाई पेटीवाल्याला म्हणाल्या, "उतर खाली, काळी तीन धर. बघू हिला किती कळतंय."

आवाज असा मोकळा सुटला, की मी वही मिटून ठेवली. चार गाणी झाली.

"बोल, आता काय लिवशील?"

मी उभी राहिले. "दुसरं गाणं लई जल्दी उरकलंत, बाई."

मंडपात हशा पिकला. सगळ्यांत जास्त त्याच हसल्या. मग पाण्याचा घोट घेऊन त्यांनी दुसरं गाणं पहिल्यापासून पुन्हा धरलं.